शिवकन्येची राखण

माझ्या भावाच्या घरात रोज संध्याकाळी पाचपंचवीस माणसं मरायची, आणि मारणारी एकटी माझी भाची असायची. शिवकन्या भिंतीला पाठ लावून बसायची, मोबाइल आडवा धरायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि ओरडायला लागायची, "भिताडामागं हाय त्यो! उडीव, उडीव त्याला!" रस्त्याने जाणारं नवं माणूस दारात थबकायचं. अंबडच्या अलीकडच्या आमच्या गावाला मात्र त्याची सवय झाली होती. माझा भाऊ राधाकिसन तिच्यासमोर बसून शांतपणे जेवायचा. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस तो. लांडग्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढताना त्याच्या मनगटाचं मांस गेलेलं आहे. मोबाइलमधल्या मारामारीने त्याचा घास अडायचा नाही.

मी गोपिकाबाई, राधाकिसनची थोरली बहीण. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या शेडमध्ये पॅकिंगवर देखरेख करते. शेडमधल्या बाया मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मला पोरबाळ नाही. शिवकन्येची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून ती निम्मी माझी. म्हणून तिची ही हकिगत मी सांगते आहे. गोड करून सांगायची मला सवय नाही.

तिचं लग्न आम्ही परतूरकडच्या अंगदशी लावून दिलं. मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, असं सगळे म्हणाले. निर्व्यसनी तो होताच. शुद्धीत मारायचा. एका दुपारी तो जेवायला आला तेव्हा ताट वाढलेलं नव्हतं आणि तिच्या हातात मोबाइल होता. त्याने कमरेला खोचलेला मोठा पान्हा काढला आणि तिच्या डोक्यात घातला. ती पडल्यावर आणखी घातला. सासू उंबऱ्यात उभी राहून "पुरं आता, पुरं" म्हणत होती, आणि तेही लेकाला नाही, ओरडणाऱ्या सुनेला. कवटी फुटली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजव्या कानावर केस न उगवणारा एक पट्टा कायमचा राहिला. काडीमोड झाला. अंबडच्या कोर्टात मारहाणीची केस उभी राहिली, ती अजून उभीच आहे.

आणि पोरगी पडायला लागली. आधी नजर एका जागी थिजायची, मग मान बाजूला ओढली जायची, मग सगळं अंग जमिनीवर आपटायचं. कधी जीभ चावली जायची, कधी कपाळ फुटायचं. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

राधाकिसनने घरात बजावलं होतं की कोणी विचारलं तर चक्कर येते म्हणायचं. फिट हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. त्याला तिचं दुसरं लग्न करायचं होतं. मिरगी आहे असं कळलं की आमच्याकडे लोक मुलगी पाहायलाही येत नाहीत. ती पडली की तिला चप्पल हुंगवतात, उठली की तिच्या हातचं पाणी टाळतात. आम्ही सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि सगळ्यात मोठं कुलूप शिवकन्येने स्वतःच लावलं. पुढे जे झालं ते ह्यातूनच झालं.

मोबाइलमधल्या त्या खेळात तिला कोणी हात लावू शकत नसे. तिथे ती शिवा होती. चौघांची टीम होती, नाव 'लोखंड जालना'. त्यातला प्रितम राजूरचा, गणपतीच्या देवळासमोर बापाचं नारळ-पेढ्यांचं दुकान चालवणारा. बाकी दोघे नवीन जालन्याचे, एक बँकेतला कारकून आणि एक अडत्याचा मुलगा. चौघे एकमेकांना बरेच दिवस नुसत्या आवाजाने ओळखत होते. पहिल्याच दिवशी बाईचा आवाज ऐकून प्रितम म्हणाला होता म्हणे, "आसू दे ना, गोळी लागणाऱ्याला काय फरक पडून राह्यला?" तेव्हापासून ती शिवाताई झाली.

संभाजीनगरला गेमिंग कन्व्हेन्शन भरलं, तेव्हा राखणदार म्हणून मी तिच्याबरोबर गेले. एका मोठ्या मंगल कार्यालयात ते भरलं होतं. जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात तिथे मोठे पडदे लावलेले, पंगतीच्या जागी टेबलं आणि त्यांवर मोबाइल घेऊन वाकलेली शेकडो पोरं. काही पोरं सोंगं घेऊन आली होती. कोणाच्या हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड, कोणाच्या तोंडाला रक्त म्हणून लावलेला लाल रंग. मला हसू आवरेना. शिवकन्या मात्र देवळात आल्यासारखी हरखून सगळीकडे बघत होती. तिने पहिल्या दोन फेऱ्यांत पोरांचा असा फडशा पाडला की पलीकडच्या टेबलावरचे उठून तिला बघायला आले.

तिसऱ्या फेरीत तिला फिट येणार असं वाटलं. तिला जळक्या रबराचा वास येतो, मग थोडाच अवकाश मिळतो. शेजारच्या पोरांना दिसू नये म्हणून ती उठून पळत बायकांच्या संडासात गेली आणि आतून कडी लावून घेतली. मी दारावर लाथा घालत होते आणि आत तिचं डोकं भांड्यावर आपटत असलेलं ऐकत होते. कडी तुटली तेव्हा फरशीवर रक्त होतं आणि पुढचा एक दात पडला होता. पोरांना मी सांगितलं, पाय घसरला. टीम तिच्याशिवाय खेळली आणि हरली. परतताना तोंडावर रुमाल दाबून ती एवढंच म्हणाली, "आत्या, मला कुत्रं पायजे."

मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिने मोबाइलवर दाखवलं. परदेशात अशी कुत्री असतात, फिट येणारं त्यांना आधी कळतं, ती माणसाला खाली बसवतात आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळून हलत नाहीत. सर्व्हिस डॉग म्हणतात त्यांना. "कोनाला काही सांगायचं काम न्हाई पडत," ती म्हणाली. "कुत्र्याला लाज न्हाई आन् मला बी न्हाई." ते कुत्रं मिळालं तर ती एकटी फिरू शकणार होती, खेळू शकणार होती. नाही मिळालं तर राधाकिसनच्या त्या भिंतीला पाठ लावून तिचा जन्म जाणार होता. एवढं सरळ होतं ते.

आम्ही तिघं संभाजीनगरला कुत्र्यांच्या निवाऱ्यांवर गेलो. राधाकिसन डोक्याला पटका आणि हातात काठी घेऊन आला होता, जणू बाजारात मेंढे बघायला निघालाय. पहिल्या निवाऱ्यात आत गेलो. एकाच्या पाठीवर कोयत्याचा वार, आत पांढरं दिसत होतं. एकाच्या तोंडावर कोणी ॲसिड फेकलेलं, डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. एका कुत्रीच्या गळ्यात तार इतकी रुतली होती की कातडी तिच्यावरून भरून आली होती. माणसं रिकामपणी काय काय करतात ते बघायचं असेल तर तिथे जावं. शिवकन्या प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबत होती आणि मला तिला पुढे ओढावं लागत होतं.

राधाकिसन तेवढ्यात पिल्लांच्या कुंपणात शिरला. आमच्यात पिल्लू निवडायची एकच रीत आहे. कान धरून वर उचलायचं. केकाटलं की खाली ठेवायचं, गप्प लोंबकळलं की ते आपलं. त्याने एकामागून एक पिल्लू कानाने उचलायला सुरुवात केली आणि सगळा निवारा केकाटण्याने भरून गेला. तिथली तृप्ती नावाची मुलगी धावत आली. अंगाने काटकुळी, पण हिंमत अशी की तिने राधाकिसनचाच कान पकडला आणि पिळून खाली ओढला. "आता तुम्ही ओरडा!" ती किंचाळली. राधाकिसन वाकलेल्या अवस्थेत, कान लालबुंद, पण हूं की चूं नाही. वर तिला म्हणाला, "बघ, मी बी केकाटलो न्हाई. म्या बी पास." मी तोंडाला पदर लावला. शिवकन्या दात पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

तृप्ती हसली नाही. तिने आम्हाला गेटबाहेर काढलं आणि गेटवरच सांगितलं की फिट आधी ओळखणारं शिकलेलं कुत्रं तिच्याकडे नाही, जवळपास कोणाकडे असेल असंही तिला वाटत नाही, आणि असतं तरी ह्या आजोबांच्या हाती तिने दिलं नसतं. दुसऱ्या निवाऱ्यावर एक म्हातारं, दात पडलेलं, मायाळू कुत्रं दाखवलं. राधाकिसन म्हणाला, ह्यालाच राखायला मानूस लागन.

 परतताना बस गावाजवळ आली तसा राधाकिसन एकदम बोलला, "कुत्रंच पायजे ना? मंग आपल्या वाड्यावर काय मांजरं हायेत?"

मेंढरांच्या वाड्यावर त्याची कुत्री होती आणि त्यांत दौल्या होता. राखाडी रंगाचा, उंच, एक कान अर्धा फाटलेला, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. लांडगा गळा धरतो म्हणून तो पट्टा असतो. आदल्या थंडीत दौल्याने एकट्याने लांडगा मारला होता. सकाळी मी स्वतः पाहिलं होतं, लांडग्याचं पोट मोकळं झालेलं आणि दौल्या शेजारी बसून स्वतःची फाटलेली मांडी चाटतोय. लहानपणी कानाने उचलला तेव्हा गप्प राहिलेला तो. मोठेपणीही त्याचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. भुंकत बसणारं कुत्रं धनगराच्या कामाचं नसतं. दौल्या आधी धरायचा.

आणि त्याचं खास काम असं. कळपात एखादी मेंढी आडवी झाली, व्यायला झाली किंवा आजारी पडली, की दौल्या तिच्यावर पाय फाकून उभा राहायचा. कावळा नाही, दुसरं कुत्रं नाही, माणूस नाही, कोणालाच जवळ येऊ द्यायचा नाही. राधाकिसन स्वतः आला की मगच बाजूला व्हायचा. राधाकिसन म्हणाला, "पोरगी पडली तर ह्यो तिच्याजवळून हालनार न्हाई. त्या परदेशी कुत्र्याला काय शिंगं आस्त्यात?" आम्ही माना डोलावल्या. खरं सांगते, आम्हाला ते बिलकुल पटलं. मोबाइलवरच्या कुत्र्यात आणि ह्याच्यात काय फरक आहे हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

दौल्या घरी आला. चार-दोन आठवड्यांत तो शिवकन्येच्या पायाशी झोपायला लागला. तिला अंगणात फिट आली तेव्हा तो तिच्यावर उभा राहिला, राधाकिसन आला, दौल्या सरकला, राधाकिसनने तिला सरळ केलं. पुन्हा एकदा आली, पुन्हा तसंच झालं. शेजारची द्वारकाबाई पाणी घेऊन धावली तर दौल्याने तिच्यावर दात काढले. राधाकिसनने ते गावभर कौतुकाने सांगितलं. त्या दोन्ही वेळी तो स्वतः घरी होता, एवढी एकच गोष्ट आम्ही मोजली नाही.

पुढचं कन्व्हेन्शन त्याच मंगल कार्यालयात भरलं. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, राधाकिसनला वाडा सोडता येईना, म्हणून पुन्हा मी गेले. मी जालन्याला राहणारी, दौल्या मला घरची पाहुणी म्हणून ओळखायचा, त्यापलीकडे नाही. प्रितम दुकानाची पिकअप घेऊन आला. पाठीमागे दौल्या उभा, काट्यांचा पट्टा चमकतोय, शेजारी शिवकन्या नव्या कुर्त्यात. गेटवरच्या पोरांना वाटलं हे सोंगांच्या स्पर्धेला आलेत. त्यांनी कुत्र्याबरोबर फोटो काढून घेतले आणि आत सोडलं. दौल्याने सगळं सहन केलं. तो फक्त शिवकन्येकडे बघत होता.

त्या दिवशी ती अशी खेळली की काय सांगू. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण मोठ्या पडद्यावर माणसं कोसळत होती आणि प्रत्येक वेळी सगळा हॉल "शिवा! शिवा!" करत होता. 'लोखंड जालना' अंतिम फेरीत गेली. ती मान मागे टाकून हसली, पडलेल्या दाताची खिडकी दाखवत. लग्नाच्या दिवशीही मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटली बाई पोरगी एकदाची.

अंतिम फेरी अर्ध्यावर होती. मी तिची मान वळताना पाहिली. ह्या वेळी ती पळाली नाही. कुत्रं होतं ना जवळ. खुर्चीसकट ती बाजूला कोसळली, पालथी, तोंड गालिच्यात, हेडफोनची वायर गळ्याभोवती. तिचे पाय टेबलावर आपटायला लागले आणि दौल्या उडी मारून तिच्यावर उभा राहिला.

सगळ्यात आधी एक सोंगातला पोरगा धावला. डोक्याला शिंगांचा टोप, खांद्यावर खोट्या केसांचं कातडं. बिचारा चांगल्या मनाने वाकला. दौल्याने त्याचा दंड धरला आणि झटका दिला. मांस फाटल्याचा आवाज मी ऐकला. पोरगा किंचाळत मागे पडला, आणि त्याच्या अंगावर ह्या वेळी लाल रंग खरा होता. प्रितम पुढे झाला, दौल्याने त्याची मांडी फोडली. गार्डने काठी घातली, दौल्याने काठी सोडून गार्डची पोटरी धरली आणि पुन्हा येऊन तिच्यावर उभा राहिला. खुर्च्या उडायला लागल्या. एक खुर्ची त्याच्या पाठीवर बसली, एक शिवकन्येच्या पायावर. कोणी पाण्याची बाटली मारली, कोणी माइकचा स्टँड. दौल्याचं तोंड रक्ताने भरलं होतं, डोळ्यावरची कातडी लोंबत होती, आणि तो जागचा हलत नव्हता. त्याच्या मते कळपावर लांडगे तुटून पडले होते.

मी हात पुढे केला. "दौल्या, मी हाय रं, मी." त्याने माझा डावा हात धरला. दोन बोटं जिथे वळतात तिथेच दात बसले. मी हात सोडवला तेव्हा ती बोटं माझी राहिली नव्हती. खाली शिवकन्येचा श्वास घरघरत होता. मानेला वायर रुतली होती आणि कान निळा पडत चालला होता.

मी उजव्या हाताने राधाकिसनला फोन लावला, स्पीकर केला आणि ओरडून सांगितलं काय झालंय ते. क्षणभर पलीकडून फक्त कोकरांचा आवाज आला. मग त्याने हाक घातली. वाड्यावर घालतो ती, लांबवलेली, "हेऽऽ दौल्याऽऽ, हुर्रर्र." दौल्याने फाटका कान टवकारला. फोनकडे बघितलं. माझ्या मागे बघितलं, दरवाज्याकडे बघितलं. जन्मात कधी केकाटला नव्हता तो, पण त्या वेळी बारीक कुईकुई केली. मालकाचा आवाज आला होता आणि मालक येत नव्हता. तो तिथेच उभा राहिला, कारण मालक समोर आल्याशिवाय हलायचं नाही हेच त्याला शिकवलेलं होतं.

"हालला का?" राधाकिसनने विचारलं.

"न्हाई."

"पोरीचा श्वास?"

"बंद पडून राह्यला, राधा."

पलीकडे पुन्हा कोकरं ओरडली. मग तो म्हणाला, "आक्का, मंग मार त्याला."

पडद्याच्या कमानीचा लोखंडी पाइप खाली पडला होता. मी धनगराची लेक आहे. गळ्याला पट्टा असलेल्या कुत्र्याला कुठे मारायचं ते मला सांगावं लागत नाही. दौल्या अजून फोनकडेच बघत होता. मी कानामागे घाव घातला. एका घावात तो मेला नाही. गुडघ्यावर आला, पुन्हा उठायला लागला. मी दुसरा घातला, तिसरा घातला. डोकं फुटल्यावरही तो सरपटत तिच्या पाठीवर आडवा झाला, झाकावं तसा. प्रितमने एका पायावर उभं राहून त्याला मागच्या तंगड्यांनी ओढून काढलं. मी वायर तोडली आणि पोरीला कुशीवर केलं. तिच्या तोंडातून फेस आणि रक्त आलं, आणि मग श्वास आला, लांब, खरखरीत. कोणीतरी हुंगवायला बूट पुढे केला. तो मी त्याच्याच तोंडावर मारला.

फोन चालूच होता. "झालं?" राधाकिसनने विचारलं.

"झालं."

"पोरगी?"

"हाय."

त्याने फोन ठेवला.

दवाखान्यात मला टाके पडत होते, तेव्हा प्रितम मांडीला पट्टी बांधून समोर येऊन उभा राहिला.  "ताईला फिट येती हे आमाला काहून सांगितलं न्हाई?" तो म्हणाला. "म्या तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्तो. पडायच्या आधी तिचा हात माझ्या हाताला लागला. मला वाटलं, गोळी हुकली म्हनून चिडली. मला माहीत आस्तं तर म्या तिला जल्दी धरली नसती का? खाली बी पडू दिली नसती."  

दौल्याला पिकअपमधून गावी नेलं. राधाकिसनने कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः खड्डा खणला, पट्टा काढला, फाटका कान दोन बोटांत धरून थोडा वेळ बसला आणि मग माती लोटली. शिवकन्या काठावर उभी होती, पायाला प्लास्टर. मला वाटलं ती मला बोलेल. ती बापाला बोलली.

"दादा, कुत्रं आपल्या लाजंपायी मेलं. तुमच्या आन् माझ्या. मानसाला सांगायची लाज वाटली म्हनून जनावर शोधत हिंडलो."

राधाकिसन मातीकडे बघत म्हणाला, "सांगितलं आस्तं तर तुला बायको केलं आस्तं का कोनी?"

"केल्तं की एकानं," ती म्हणाली. "त्यानंच तर डोकं फोडलं."

राधाकिसनने फावडं टाकलं आणि खड्ड्याच्या कडेला बसून मोठ्याने रडला. त्याला तसं रडताना मी आमच्या बापाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या लग्नाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुण्याचं कन्व्हेन्शन पुढच्या वर्षी होतं. टीमने तिला सोडलं नव्हतं. प्रितम अजून थोडा लंगडतो, त्यावरून बाकी दोघे त्याला चिडवतात. मी गेले होते, पण मागे बसले, प्रेक्षकांत. समोरासमोर टेबलं लागली. पलीकडे नागपूरची टीम होती, चार अनोळखी पोरं. शिवकन्या खुर्चीवर बसली नाही. उभी राहिली, ओढणी डोक्यावरून खाली घेतली, कानावरचा तो बिनकेसांचा पट्टा सगळ्यांना दिसला. आवाज मला मागेपर्यंत ऐकू आला.

"मला फिट येते," ती म्हणाली. "नवऱ्यानं डोक्यात पान्हा घातला, तवापासून. खेळता खेळता पडले तर घाबरू नका. तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका. वायर काढा आन् मला कुशीवर करा. मोकळा श्वास घिऊ द्या. थोड्या वेळानं मीच उठते."

 माझ्या हाताची राहिलेली बोटं मी मांडीवर घट्ट दाबून धरली. आता कोणी हसलं तर त्याचं मी काय करणार आहे हे मी ठरवून टाकलं होतं. पण पलीकडच्या टीममधला एक जाड भिंगाचा पोरगा टेबलावरून वाकला आणि पत्ता विचारावा तसं म्हणाला, "ताई, कोणत्या कुशीवर?"

"डाव्या," शिवकन्या म्हणाली.

त्याने मान हलवली, वाटेतली स्वतःची बॅग उचलून मागे ठेवली आणि तिच्याकडे पटकन येता येईल अशी खुर्ची सरकवून घेतली. मग खेळ सुरू झाला, आणि शिवकन्येने सगळ्यात आधी त्यालाच उडवलं.